कंप्युटर मंद आहे, बाबा

पडद्यावर शामेळाचा ठोका आणि घुमटाचा ठोका यांच्यामध्ये एक फट होती. फार मोठी नव्हे. उकड्या तांदळाचा एक दाणा तिच्यात आडवा मावला असता. सुमंगलाने माऊस पुढे सरकवला. आरतीच्या मध्यावर त्याच फटीत काजूचा गर मावू लागला. आणि शेवटी, जिथे लय चढते आणि माणसे बेभान होऊन टाळ्या पिटतात, तिथे अख्खी भेंडी ठेवली असती तरी तिचे देठ कापावे लागले नसते!

ही मागच्या वर्षीची, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीची गोष्ट. घुमट आरतीच्या स्पर्धेसाठी मंडळांनी आधी रेकॉर्डिंग पाठवायचे आणि त्यातून मोजकी मंडळे निवडायची, असा नियम निघाला होता. गोव्यातल्या पाळी गावच्या ह्या वाड्यावरच्या मंडळात कंप्युटर एकाच घरात होता, तो सुमंगलाच्या. ती डिचोलीच्या उच्च माध्यमिक शाळेत फिजिक्स शिकवते. एकक न लिहिलेले उत्तर तिच्या हातून आजवर सुटलेले नाही. त्यामुळे आवाज टिपायचे काम तिच्याकडे आले, आणि टिपलेला आवाज पडद्यावर रेघांच्या रूपाने उमटल्यावर तिला ती फट दिसली.

शामेळ काठ्यांनी वाजवायचे, नगाऱ्याच्या जातीचे. ते सगुण वाजवतो. घुमट म्हणजे मातीचे मडके, एका तोंडाला कातडे ताणलेले. ते बाबा, म्हणजे तिचे सासरे नारायण, सारी हयात वाजवत आले. दोघांचा ठोका एका रेषेत यायला हवा होता. कंप्युटरमुळे उशीर होत असता तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहिला असता. लय वाढेल तसा वाढणारा उशीर यंत्राचा नसतो. शिवाय एकच यंत्र सगुणचे शामेळ वेळेवर घेते आणि बाबांचे घुमट तेवढे उशिरा, असा दुजाभाव कशाला करील?

बाबांचा हात मागे पडत होता. एवढेच.

ऐकले सगळ्यांनीच होते. सगुण एरवी खनिजाचा ट्रक चालवतो आणि समोरून येणाऱ्या गाडीवाल्याचा त्याच्या वाडवडिलांसकट उद्धार करतो. तो छताची कौले मोजू लागला. सुदेश कासाळीं वाजवतो. तो ती पितळी झांज आधीच लखलखीत असताना सदऱ्याने पुसू लागला. सुमंगलाचा नवरा जयराम हा मंडळाचा गायक. गायक असल्यामुळे तो बारा महिने गळ्याला पंचा गुंडाळतो आणि फ्रिजचे दार उघडले तरी खोकतो. त्याने तोंडात लवंग टाकली आणि डोळे मिटले.

"बाय," बाबांनी विचारले, "हें अशें फुडें-मागें कित्याक?"

सुमंगलाने खरे सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात तिला बाबांचा हात दिसला. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो घुमटाच्या कातड्यावरून फिरत होता. आणि तिच्या तोंडून निघाले:

"कंप्युटर मंद आहे, बाबा."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"म्हाका दिसलेंच!" सगुण म्हणाला. "सुरू करतानाच तो कण्हतालो!"

"लवंग चालते का त्याला?" जयरामने विचारले. विनोद म्हणून विचारले असावे.

त्या वर्षी मंडळाची निवड झाली नाही. आणि सुमंगलाला मंद कंप्युटर वेगवान करण्याचे काम लागले.

आता बोललेले निभावणे आले. तिने कामाला शिस्तीने हात घातला. यंत्र सुरू होताच आपणहून जागे होणारे प्रोग्राम एकेक करून झोपवले. वीज वाचवण्याची सोय बंद करून पूर्ण ताकदीची चालू केली. जुनी डिस्क काढून नवी, बिनआवाजाची बसवली; मेमरी दुप्पट केली. मायक्रोफोनसाठी वेगळी डबी आणली आणि ती फाटे फुटलेल्या जोडणीत न लावता थेट कंप्युटरच्या पाठीत लावली. कॅबिनेट उघडून झाडले तर आतून खनिजाची एवढी तांबडी धूळ निघाली की सगुण म्हणाला, "वैनी, ही टाकूं नाका, मुरगावाक व्हरतां! बोटीर चडयतां!"

ह्या सगळ्याचा परिणाम झाला! कंप्युटर असा झाला की बटणावरून बोट उचलायच्या आत तो तयार. गाणे उघडा म्हटले की उघडले, मिटा म्हटले की मिटले. पाळीत त्याच्याएवढे चपळ दुसरे काही नव्हते, पंचायतीच्या मागची मांजरेसुद्धा नाहीत. आणि दर वेळी नवे काही बसवले की मंडळ जमे, एक आरती होई, आणि पडद्यावर फट जिथल्या तिथे! तांदूळ, काजू, भेंडी.

"अजून थोडा मंद आहे," सुमंगला म्हणे.

बाबा मात्र कंप्युटरची चौकशी एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या चुलतभावासारखी करत. शाळेतून येऊन तिने पर्स खाली ठेवली की, "आज कसो आसा तो?"

"कालच्यापेक्षा बरा."

"तें बफर म्हणटाले तें देंवलें?"

बफर तिने त्यांना बालदीवर समजावून दिला होता. आवाज कंप्युटरमध्ये बालदी-बालदीने भरला जातो. बालदी मोठी घेतली तर काही सांडत नाही, पण भरेपर्यंत थांबावे लागते. लहान घेतली तर लगेच भरते, पण खेपा वाढतात आणि यंत्राला धाप लागते. बाबांना हे इतके पटले की त्यांनी ते पाववाल्या पोदेराला सांगितले, देवळाच्या भटजींना सांगितले. सकाळी पाव देताना पोदेर सायकलवरूनच ओरडू लागला, "बाबा, बालदी ल्हान केली मरे?"

तिला कंटाळा येऊ लागला होता. शाळेत ती मुलांना सांगे की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण सापडते. घरी ती वर्षभर सगळ्या गोष्टी बदलत होती, सापडलेले कारण तेवढे सोडून!

पुन्हा चवथ जवळ आली. श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचे होते. यंदाही नाव लागले नाही तर सगुण आणि सुदेश खालच्या वाड्यावरच्या मंडळात जाणार होते. दोघांनी तसे म्हटले नव्हते. पण खालच्या वाड्यावरचा सागर दोन वेळा सगुणला चहा पाजून गेला होता, आणि सागर कोणाला उगाच चहा पाजत नाही. ते दोघे गेले की मंडळ उरते कुठे? बाबांच्या वडिलांनी उभे केलेले मंडळ म्हणजे मग एक घुमट, एक पंचा आणि लवंगा.

"दुपारच्या जेवणाआधी सगळं आटपेल," सुमंगलाने शनिवारीच जाहीर केले. "आता कंप्युटरमध्ये काही म्हणता काही दोष राहिलेला नाही."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आले.

रविवारी सकाळी तिने खोली तयार केली. पंखा बंद, कारण तो घरघरतो. फ्रिज बंद, कारण तो गुणगुणतो. श्रावण असल्यामुळे आत मासळी नव्हती, हे एक बरे. जनेलां, म्हणजे खिडक्या, बंद, कारण बाहेर कोंबडे. वायफाय बंद. पंखा आणि जनेलां बंद म्हणजे खोलीची भट्टी होणार, आणि यंत्र तापले की जीव वाचवायला आपणच वेग कमी करते. म्हणून तिने कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढून ठेवला. मेजावर उघडा कंप्युटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मायक्रोफोन. हिशेब चोख होता.

बाबा अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून आले. त्यांनी खोलीभर पाहिले. "दिवो खंय आसा?"

"दिवा कशाला, बाबा? रेकॉर्डिंग आहे."

"दिव्याबगर आरती?"

बाबांनी निरांजन पेटवून मेजावर, कंप्युटरच्या पुढ्यात ठेवले, कारण सगळ्यांची तोंडे तिकडे होती. तिने ते हळूच कोपऱ्यात सरकवले. त्यांनी ते हळूच पुन्हा मधोमध आणले आणि सोबत उदबत्ती लावली. कंप्युटरचा छोटा पंखा उदबत्तीचा धूर आत ओढून मागच्या बाजूने सोडू लागला. जयराम खोकला.

पहिली आरती सुरू झाली. दुसरे कडवे चालू असताना हेडफोनमध्ये 'टर्र-टर्र' ऐकू आले. जयरामचा मोबाइल! त्याच्या खिशात! चालू!

"थांबा!" सुमंगलाने हात वर केला.

कोणी थांबले नाही.

"थांबा! फुकट गेलं हे!"

सगुणने भुवया उंचावून तिला 'गप' असे सांगितले आणि काठ्या चालूच ठेवल्या. पुढची आरती झाली. तिच्या पुढची झाली. देवाला लोटांगण झाले, फुले वाहून झाली, आणि तेव्हा कुठे बाबांनी घाम पुसला.

"बाय, आरती अर्ध्यार सोडूंक जायना. घरांत बरें जायना तें."

"बाबा, ही चाचणी होती."

"चाचणी तुजी. आरती देवाची न्हय?"

म्हणजे हिशेब असा झाला: चूक कुठल्याही ओळीत होवो, चाचणी शेवटपर्यंत जाणार. तिच्या प्रयोगशाळेत असा नियम असता तर मुलांनी आम्ल सांडत असतानाही प्रयोग पूर्ण केला असता!

"आणि प्रसाद?" सुदेशने विचारले.

प्रसाद नव्हता. आरती झाली आणि प्रसाद नाही, असे कसे? सुमंगलाने स्वयंपाकघरात जाऊन पोहे भिजवले, गूळ किसला, नारळ खवला. पोहे संपल्यावर मंडळ दुसऱ्यांदा उभे राहिले.

दुसऱ्या खेपेत मोबाइल नव्हता. पण ती संपताना मागचे दार वाजले. शेजारची पार्वतीकाकी, हातात जास्वंदीची फुले.

"आज कसली गो आरती? चवथ खंय पावली अजून?"

"काही नाही काकी, टेस्टिंग आहे."

पार्वतीकाकीने 'टेस्टिंग' हा शब्द हॉस्पिटलमध्येच ऐकलेला. तिने पंचा गुंडाळलेल्या, खोकणाऱ्या जयरामकडे पाहिले. मग पेटलेल्या दिव्याकडे. मग बंद जनेलांकडे.

"अगे माये!" ती हळू आवाजात म्हणाली. "जयरामाचें? कितें म्हणटा दोतोर?"

"तसं काही नाही हो! कंप्युटरचं टेस्टिंग!"

"बरें, बरें. सांगूं नाका. बरे जातले ते." आणि आपल्यापरीने तिने वाड्यावर कोणाला काही सांगितले नाही. फक्त घरोघरी जाऊन, नारायणाच्या घरात दुखणे आहे पण कोणी विचारू नका, एवढेच बजावून आली.

तिसऱ्या खेपेला खोलीत मंडळ चार माणसांचे आणि भक्त डझनभर! पोह्यांचे पातेले पुन्हा चढले. सुमंगला एका हाताने नारळ खवत होती आणि दुसऱ्या हाताने, तोही खोबऱ्याचाच, माऊस हलवत होती. सगळे जण जयरामकडे भरल्या डोळ्यांनी बघत होते. जयरामला वाटले, आज आपला गळा लागलाय! त्याने एकेक ओळ दोन-दोनदा घेतली, शेवटचा सूर एवढा लांबवला की एका म्हातारीने, प्राण जातो की काय, म्हणून त्याच्या पाठीला हात लावला.

पार्वतीकाकीने कंप्युटरच्या पुढ्यात नारळ ठेवला. "नारायणा, एक गाऱ्हाणें घाल रे. म्हज्या सगुणाक मुरगावच्या बंदरांत काम मेळूं दी."

सगुण तिचाच मुलगा. ट्रक सोडून त्याने बंदरात चिकटावे, ही तिची जुनी इच्छा. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणे, आणि ते घालण्याचा मान वाड्यावर बाबांचा. बाबांनी हात जोडले आणि कंप्युटरकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरू केले:

"बा देवा म्हाराजा! ह्या पार्वतीन तुज्या मुखार नारळ दवरला. तिच्या पुताक बंदरांत काम मेळूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"जयरामाचें कितें आसा तें तूं जाणा. तें बरें कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जयरामही म्हणाला. आपल्याला काय झाले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, पण बरे व्हायला त्याची हरकत नव्हती.

"आनी ह्या कंप्युटराच्या आंगांत जें मंदपण भरलां, सुनेन वर्सभर वखदां केलीं तरी जें वचना, तें आज तुज्या पायांकडे काडून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सुमंगलाचाही आवाज होता. तिने तो स्वतः ऐकला. पदव्युत्तर शिक्षण, वीस वर्षांची नोकरी, आणि ती मनापासून म्हणाली होती!

कंप्युटरपुढची चौथी खेप शेवटची ठरली. सगुणला आता दया आली होती. बाबा मागे पडतात तर आपणच थोडे थांबावे, असे त्याने ठरवले आणि हात सैल सोडला. बाबांना वाटले, सगुण दमला. पोराला सांभाळून घ्यावे. त्यांनीही हात सैल सोडला. सगुण आणखी थांबला. बाबा आणखी थांबले. दोघांच्या सभ्यतेपायी आरती, भरलेला ट्रक चढावर पहिल्या गियरमध्ये यावा, तशी कण्हत-कण्हत चालू लागली. टाळी वाजवणाऱ्यांनी हात वर उचलला की तो खाली कधी आणायचा ते कळेना. जयरामने ओळीचा शेवटचा सूर धरला तो ठोका येईपर्यंत सोडता येईना. तो आधी लाल झाला, मग जांभळा. पार्वतीकाकीने पदर डोळ्यांना लावला. "सोंपलें सगळें," ती शेजारणीला म्हणाली.

पण आरती अर्ध्यावर सोडायची नसते! ती ओढत-ओढत शेवटाला आली, आणि देवाला फुले वाहायची वेळ झाली.

इथे सुमंगलाला धोका दिसायला हवा होता. डझनभर माणसे, प्रत्येकाच्या ओंजळीत ओली फुले आणि अक्षता, समोर दिवा, आणि दिव्याच्या मागे बाजूचा पत्रा काढलेला, आ वासून बसलेला कंप्युटर. पण ती पडद्यावरची फट बघत होती. तिच्यात आता भेंडी नव्हे, दुधी मावला असता.

मंत्र संपला. डझनभर ओंजळी एकदम उडाल्या!

जास्वंद, तगर, रोजां, अक्षता. अर्धी फुले दिव्याजवळ पडली, अर्धी थेट कंप्युटरच्या पोटात गेली. आतला पंखा क्षणभर अडला, जोर करून पुन्हा फिरला आणि त्याने मिळालेला प्रसाद वाटावा तशा पाकळ्या खोलीभर उधळल्या! मग 'चर्र' असा आवाज आला. तांदूळ भाजल्याचा वास आला. पडदा काळा झाला.

एक जास्वंदीची पाकळी मेजावरून घरंगळली आणि उजव्या बाजूला पडली.

"उजवो!" पार्वतीकाकी किंचाळली. "उजवो कौल दिलो देवान!"

देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथे उजवी पडली होती, शंकाच नको! खोलीत आनंदीआनंद झाला. सगुणला बंदरात नोकरी, जयरामला आयुष्य, आणि कंप्युटरचे मंदपण गेले! सुमंगलाने बटण दाबून पाहिले. मंदपण खरोखरच गेले होते. बरोबर बाकीचेही सगळे गेले होते.

तिने आतून एक तगर, दोन पाकळ्या आणि चिमूटभर अक्षता काढल्या. रडावे की हसावे हे ठरवायलाही तिला त्राण नव्हते. संध्याकाळ व्हायला आली होती. दुपारच्या जेवणाचे नाव कोणी काढले नव्हते, कारण सगळ्यांची पोटे पोह्यांनी भरली होती.

"मोबाइलवर घेऊया," ती म्हणाली. "काही लावायचं नाही, काही जोडायचं नाही. मेजावर ठेवायचा आणि वाजवायचं. सगुण, तू तुझ्या लयीत वाजव. कोणाला थांबू नकोस."

तसे वाजवले. बाहेरची माणसे जागच्या जागी हात जोडून उभी राहिली. आरती झाली, मोबाइल मधोमध ठेवून सगळे ऐकायला बसले.

मोबाइलने प्रामाणिकपणे ऐकवले. शामेळ पुढे, घुमट मागे. पुढे गेल्यावर शामेळ आणखी पुढे, घुमट आणखी मागे. आता पडदा नव्हता, रेघा नव्हत्या, बालदी नव्हती. नुसता कान होता, आणि तो प्रत्येकाला होता.

सगुण कौले मोजू लागला. सुदेशने कासाळीं पुसायला घेतली.

"हा मोबाइल जुना आहे," जयराम म्हणाला.

"चार्जिंग उणें आसतलें," सगुण कौलांना उद्देशून म्हणाला.

"सुमा," जयरामला एकदम उत्साह आला, "ह्याची मेमरी वाढवता येते का गं?"

बाबांनी वाकून मोबाइलकडे काळजीने पाहिले. "हो मोबाइल पूण मंद?"

सुमंगलाला पुढचे वर्ष दिसले. म्हापशाचे मोबाइलचे दुकान दिसले. नवा मोबाइल, नवा मायक्रोफोन, पोदेर सायकलवरून मोबाइलची तब्येत विचारतो आहे. तिच्या अंगी धैर्य आले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. तिला फक्त फार, फार कंटाळा आला होता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मोबाइल बरा आहे. कंप्युटरही बरा होता. तुमचा हात मागे पडतो. लय वाढली की जास्त पडतो."

पार्वतीकाकीचा पोह्यांचा घास तोंडापाशीच राहिला. जयरामने लवंग गिळली. बाबांनी आपली बोटे उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली.

"केन्नासावन?"

"मागच्या चवथीपासून तरी."

"म्हाका तेन्नाच दिसलें," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याच दिसा हांव सांगतलों आशिल्लों, आतां पुरो म्हूण. तितल्यांत तूं म्हणलें, कंप्युटर मंद आसा. हांवें म्हणलें, बाय सायन्स शिकल्ली, ती चुकची ना. मागीर कंप्युटर बरो जावंची वाट पळयत रावलों."

"वर्षभर?"

"तूंच म्हणटालें न्हय, कालच्यापरस बरो आसा म्हूण?"

बाबांनी घुमटाची दोरी गळ्यातून काढली आणि घुमट सुदेशच्या मांडीवर ठेवले. सुदेश कासाळीं वाजवायचा खरा, पण त्याची बोटे सदैव कशावर तरी घुमट वाजवत असत, हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होते. त्याने वाकून बाबांच्या पायांना हात लावला.

"बाबा," जयराम म्हणाला, "आता तुम्ही खुर्चीवर निवांत बसा. आम्ही गातो-वाजवतो, तुम्ही फक्त ऐका."

"बसूं कित्याक?" बाबांनी घसा खाकरला. तो इतका खणखणीत खाकरला की मेजावरचे निरांजन फडफडले. "सुदेश घुमट वाजयतलो. कासाळीं, जयरामा, तूं घे. आजसावन आरती हांव म्हणटलों."